किनाऱ्याचं निरोगी रक्त

आमच्या डॉक्टरसाहेबांच्या गौरवार्थ निघालेलं एक जाडजूड पुस्तक पुतण्याने मला आणून दिलं. साहेब वारून बरीच वर्षं झाली, पण गौरव अजून संपलेला नाही. त्यात एका विद्वान गृहस्थांनी लिहिलं आहे की, कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींवर साहेबांनी केलेलं मोलाचं संशोधन तिथल्या अडाणी आणि लबाड गावकऱ्यांनी फसवणूक केल्यामुळे वाया गेलं. हे गृहस्थ त्या गावात कधी गेले असतील असं वाटत नाही. खाडीच्या चिखलात पाय घालण्यासारखे त्यांचे बूट नसावेत. मी गेलो होतो. गावकऱ्यांच्या बोटांना सुई मीच टोचत होतो. तेव्हा लबाड कोण होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि साहेबांबरोबर काम केलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे.

माझं गाव पालीच्या बाजूचं, भातशेतीचं. मुंबईला इंटर सायन्सला दोनदा आपटलो आणि एका संशोधनसंस्थेत काचा धुवायला लागलो. तिथून साहेबांबरोबर अलिबागला आलो. साहेब विलायतेहून शिकून आलेले, मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधत, आणि तो सापडला नाही की दोष मराठीचा असे. अलिबागजवळ समुद्राकडे तोंड करून एक बंगली भाड्याने घेतली होती. तिच्या पडवीत आमची प्रयोगशाळा. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता, त्यामुळे खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, मिठागरांच्या गावांत पेटी घेऊन कुणी शहरी माणूस शिरला की लोक त्याला सरकारी समजून आधी दारं लावून घेत.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी चार-पाच जातींच्या असतात. लिम्फोसाइट ही त्यांतली एक. गोल, गडद जांभळ्या केंद्राची, भोवती निळसर पातळ कड. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पांढरी पेशी ओळखून मोजत जायचं. शंभर पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट किती, यावरून माणूस निरोगी की आजारी याचा अंदाज बांधता येतो. विलायती पुस्तकांतले आकडे गोऱ्या माणसाच्या रक्ताचे. आपल्या माणसाचे आकडे निराळे असणार, ते आपण काढू, असं साहेबांच्या मनाने घेतलं. आधी निरोगी माणसाचं प्रमाण ठरवायचं, मग आजाऱ्याचं रक्त त्याच्याशी ताडायचं. यात काही चूक नव्हती. चूक एवढीच की निरोगी माणूस कसा दिसतो हे पाहायला साहेब एकदाही पडवीतून उतरले नाहीत.

उतरत होतो मी. काचपट्ट्यांची पेटी, स्पिरिट, सुया. सुकलेल्या रक्तावर माश्या बसत आणि झुरळं ते चाटून साफ करत, म्हणून प्रत्येक पट्टी लगेच कागदात गुंडाळावी लागे. विहिरीच्या मचूळ पाण्याने रंग बिघडे, म्हणून पागोळीचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलं असे. हे सगळं मी मन लावून करत असे. आळशी नव्हतो. आळस मी बरोबर जिथे करायचा नव्हता तिथे केला.

आम्ही निवडलेलं गाव खाडीकाठचं होतं. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला खाऱ्या जमिनीतली भातशेती, आणि दोन्हींच्या मधे खाडीचं पाणी आत घुसू नये म्हणून घातलेला मातीचा लांब बांध. साहेबांनी मामलेदाराकरवी पोलीस पाटलाला हुकूम धाडला, ‘रक्ततपासणीसाठी घरटी एक निरोगी माणूस हजर करावा.’ आता ‘घरटी एक माणूस’ हे शब्द त्या गावाला नवे नव्हते. उधाणाने बांध खचला की पाटील हीच हाळी देई. घरटी एक माणूस चिखलाची टोपली घेऊन बांधावर. ज्या घरचा माणूस मुंबईला गिरणीत गेलेला किंवा तापाने पडलेला असे, ते घर बदली धाडी. बदली गेलेल्याच्या वाट्याचं काम ते घर मागाहून फेडून देई. त्याला सावड म्हणत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बांधावर माती पडली म्हणजे झालं, ती कुणाच्या डोक्यावरून आली हे कोण पाहतो.

पहिल्या दिवशी देवळाच्या ओट्यावर मी पेटी उघडून बसलो. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस पहिला पुढे आला. सगळं गाव त्याला थोरला भाऊ या अर्थाने दादूस म्हणे, मग मीही म्हणू लागलो. त्याने हात पुढे केला, मी बोट टोचलं, पट्टी ओढली, नाव लिहिलं. दुसरं नाव पुकारलं तर पुन्हा तोच.

“तुमचं झालं ना, दादूस?”

“माजे घरचा झाला. ह्यो शेजारचा.”

“शेजारच्याला पाठवा मग.”

“त्यो मिठाला गेलाय माजे जागी. मंग मी आलो त्याचे जागी. सरळ हिसाब हाय, मास्तर.”

मी पाटलाकडे पाहिलं. पाटील विडी विझवत म्हणाला, “घरटी एक माणूस मागितलाव. बांधावर बदली चालतंय, मंग सुईला का नको? रगत काय कुनाचा निळा, कुनाचा पिवला?”

ओट्यावरची माणसं हसली. कडेला पाण्याचा हंडा घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, “दादूस, तुजी दहा बोटां गावाला पुरतील का रं?”

“न्हाय पुरली तं पायाची हाईत,” दादूस म्हणाला. “मास्तर, पायाची घेतंस का?”

मीही हसलो. इथे थांबून मला नीट लिहिलं पाहिजे. त्यांनी काहीही चोरून केलं नाही. भर दुपारी, देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, कारण सांगून केलं. ‘हे चालायचं नाही, ज्याचं त्याचं रक्त हवं’ असं मी म्हणालो असतो तर कुरकुर झाली असती, चार माणसं शेतातून बोलवावी लागली असती, मला परत जायला होडी मिळाली नसती. ओहोटी लागत होती. मी एकेका घराचं नाव लिहीत गेलो आणि बोट बदलत गेलो. पुढल्या खेपांनाही तेच. अर्ध्याहून जास्त गाव त्या एका माणसाने दिलं. काही घरांचे कर्ते स्वतः आले, तेवढ्याच पट्ट्या खऱ्या.

दादूसने ही सावड हौसेने पत्करली नव्हती, हे मला तिसऱ्या-चौथ्या खेपेला कळलं. बोट दाबून धरताना मी सहज विचारलं, “तुम्हाला बरं फावतंय हे. मिठाच्या टोपल्या दुसऱ्याच्या डोक्यावर.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “टोपली उचलली का दम लागतंय. आधी असा नव्हता. दोन टोपल्या एकावर एक नेयचो. आता घाम फुटतंय, राती अंगरखा भिजतंय. कुनाला सांगू नको, मास्तर. बायको म्हनंल वय झाला.”

मी सांगितलं नाही. मला कुणाला सांगायचं होतं?

पट्ट्या अलिबागला आल्या. साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि आनंदाने लाल झाले. लिम्फोसाइट पुस्तकातल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. पट्टी मागून पट्टी तेच. “एकसारखेपणा पाहा,” साहेब म्हणाले, “एक पाणी, एक अन्न, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लग्नं. शुद्ध नमुना आहे हा.” नमुना शुद्ध होता यात शंका नाही. त्याच्याहून शुद्ध तो असूच शकत नव्हता. मग साहेबांनी कारणं शोधली. मासे, खारी हवा, उन्हाचा ताप. प्रत्येक कारणाला एकेक परिच्छेद. घरच्या कर्त्यांच्या ज्या खऱ्या पट्ट्या होत्या, त्यांचे आकडे साधे, पुस्तकातल्यासारखे निघाले. साहेबांनी त्या बाजूला टाकल्या. इतरांशी जुळत नाहीत, म्हणजे ही माणसं आजारी असावीत, असा शेरा मारला. गावात तब्येतीने धडधाकट तेवढी माणसं अशी शास्त्राने आजारी ठरवली.

दादूसच्या पट्ट्यांवर आणखी एक गोष्ट दिसे. कित्येक लिम्फोसाइट फुटून पसरलेल्या, जांभळ्या शाईचा डाग पडावा तशा. साहेब माझ्यावर उखडत. “अरे, हात आहे की मुसळ? पेशी चिरडतोस तू.” मी हलक्या हाताने पट्टी ओढायचा सराव करत बसे. बाकीच्यांच्या पट्ट्यांत त्याच हाताने ओढलेल्या पेशी शाबूत असत, हे माझ्या लक्षात येत होतं. साहेबांच्या येत नव्हतं, कारण त्या पट्ट्या आजाऱ्यांच्या म्हणून बाजूला पडल्या होत्या.

निबंध छापून आला. ‘किनाऱ्यावरील निरोगी माणसाचे रक्त’ असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. मुंबईत वाचला गेला, टाळ्या पडल्या. शेवटच्या ओळीत माझे आभार होते. मी ती ओळ गावी नेऊन वडिलांना दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि कागद देवापुढे ठेवला. पुढे साहेबांनी मला मुंबईच्या प्रयोगशाळेत कायमची जागा द्यावी म्हणून वर शिफारस केली.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस दादूस बंगलीवर आला. पायी आला होता आणि पायरीवरच बसला. खांद्यांची हाडं वर आली होती. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, काखेत गाठी. बोटाने ढकलल्या तर सरकत, दुखत नसत. मी त्याच्या बोटाला सुई टोचली. त्या बोटाची कातडी माझ्याच सुयांनी कडक झालेली होती.

पट्टी रंगवून मी आधी स्वतः पाहिली. पूर्वी पांढरी पेशी शोधावी लागे. आता दर ठिकाणी घोळका होता, सगळ्या लिम्फोसाइट, आणि मधेमधे तेच फुटके डाग. आमच्या फळीवर रक्ताच्या विकारांचं एक जाड विलायती पुस्तक होतं. त्यात रंगीत चित्रं होती. ते चित्र मी पूर्वीही पाहिलं असेल, पण लक्ष देऊन पाहिलेलं नव्हतं. घोळका तोच, डागही तेच, आणि खाली लिहिलं होतं की या डागांचा दोष पट्टी ओढणाऱ्याच्या हाताचा नसतो, त्या रोगात पेशीच नाजूक होतात. लिम्फोसाइट पेशींची बेसुमार वाढ होणारा, सावकाश चालणारा जीवघेणा रोग. वर्षानुवर्षं माणूस हिंडताफिरता असतो. थकवा येतो, रात्री घाम येतो, मग गाठी येतात.

मला एका क्षणात सगळं कळलं. किनाऱ्याचं निरोगी रक्त म्हणून आम्ही छापलं होतं ते ह्या आजारी माणसाचं होतं. तो रक्त द्यायला येत होता तो मुळात आजारी होता म्हणून. धडधाकट असता तर मिठागरावर गेला असता आणि मला दुसरं कुणी मिळालं असतं.

साहेब आले. त्यांनी भराभर शंभर पेशी मोजल्या आणि मान वर केली. “किनाऱ्याचं नेहमीचं प्रमाण. थोडं जास्त, पण आपल्या आकड्यांच्या जवळपास. हा माणूस निरोगी आहे.”

“गाठी आहेत, साहेब.”

“ह्या लोकांचे पाय सदा चिखलात आणि मिठात. जखमा होतात, गाठी येतात. हत्तीरोगाची सुरुवात असेल.”

“एकूण पांढऱ्या पेशी मोजून पाहू का?”

“मोजायची नळी फुटली ती तुझ्याच हातून ना? नवी मागवायची ती ह्यासाठी? अरे, निरोगी कोण हे ठरवायला आपणच निबंध लिहिला आहे.”

नळी फुटली होती हे खरं. पण एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ‘साहेब, त्या निबंधातलं गाव म्हणजे हाच माणूस.’ ते मी गिळलं. मुंबईच्या जागेचा कागद यायचा होता. वडिलांनी देवापुढचा निबंध अजून हलवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, आपलं हसू होईल ही भीती नोकरीच्या भीतीहून मोठी होती.

दादूस पायरीवर वाट पाहत होता. मी बाहेर आलो.

“मास्तर, खरा सांग. मी बरा हाय का न्हाय?”

“साहेब म्हणतात निरोगी आहात.”

“तू काय म्हंतंस?”

“साहेब म्हणतात तेच.”

तो म्हणाला, “मंग मी नुसता आळशी झालोय म्हनायचा.” आणि उठून गेला. त्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं झालं असतं. त्याने ते मनापासून मान्य केलं होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. साहेबांचा निर्णय त्याने स्वतःच गावात जाऊन सांगितला, लपवला नाही. पाटील म्हणाला, डॉक्टर बरा म्हणतंय तं सावड कसली, ज्याची टोपली त्यानं उचलावी. उधाणाने बांध खचला तेव्हा दादूस आपल्या घरच्या वाट्याला उभा राहिला. दोन टोपल्यांनंतर बसला. पोरं म्हणाली, “दादूस, विलायती डाक्टरचा बरा माणूस तू, ऊठ की.” तो उठला, पुन्हा बसला. कामचोर हा शब्द त्याला तिथे लागला आणि चिकटला. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. मी तेव्हा मुंबईला कायमच्या जागेवर होतो.

त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हतं. मुंबईत गाठींवर क्ष-किरण देत, काहींना त्याने काही काळ बरं वाटे. मी तोंड उघडलं असतं तर तो जगला असता असं मी म्हणणार नाही. तेवढी शोभा मी माझ्या मौनाला देत नाही. पण तो आजारी आहे एवढं शास्त्र सांगू शकत होतं, आणि आजारी माणसाला त्या गावात कुणी टोपली उचलायला लावत नव्हतं. उलट त्याच्या वाट्याची माती घरोघरची माणसं न बोलता टाकून आली असती.

तो गेल्यावर मी त्याच्या घरी गेलो होतो एकदा. त्याची बायको जाळीच्या कुंपणाशी सुकट पालथी घालत होती. तिने ओळखलं. म्हणाली, “तुजा सायब म्हनला बरा हाय. मंग मेला कशान?” मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “देवाची मर्जी.” इंटर सायन्सपर्यंत शिकलेला, रंगीत चित्र पाहिलेला माणूस मी, आणि मला देव सापडला. ती म्हणाली, “देवाला कशाला मधी घेतंस? त्यो आळशीच व्हता शेवटाला. पोरांना सांगतंय मी, बापावानी होऊ नका.”

काही वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच किनाऱ्यावर रीतसर रक्त तपासलं. आकडे साधे, पुस्तकातल्यासारखे निघाले. साहेबांना उत्तर द्यावं लागलं तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं. तेव्हा मी सांगितलं. अर्धंच सांगितलं. बदली चालायची, एवढं. मी समोर बसून नावं लिहीत होतो हे सांगितलं नाही, आणि त्या माणसाचं काय झालं हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी एका सभेत जाहीर केलं की गावकऱ्यांनी संशोधनाला फसवलं. तेच वाक्य पुढे लेखातून लेखात गेलं आणि आता गुळगुळीत कागदावर आलं आहे. शास्त्रातली माणसं दुसऱ्याची पेशी नीट मोजत नाहीत, पण दुसऱ्याचं वाक्य मात्र अक्षरही न गाळता उतरवतात.

हे पुस्तक हाती आल्यावर गेल्या महिन्यात मी गावात गेलो. आता होडी लागत नाही, रस्ता थेट बांधावरून जातो. मिठागर बुजलं आहे. दादूसच्या धाकट्या मुलाचे दोन ट्रक आहेत. साठीजवळ आला आहे, बापासारखेच रुंद खांदे. ट्रकमधून विटा उतरत होत्या आणि तो मोजणीला उभा होता. मी माझी ओळख दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. देवळाचा ओटा, बोटं, पट्ट्या, गाठी, पायरी, आणि मी काय म्हणालो ते.

त्याने विटा मोजत ऐकलं. संपल्यावर विचारलं, “ह्यो रोग पोरांना लागतंय का?”

“सहसा नाही,” मी म्हणालो. “तरी एकदा तपासून घ्या. आता अलिबागला सगळं होतं.”

“आय मेली तवापर्यंत त्याला आळशी म्हनत व्हती,” तो म्हणाला. “मी पन म्हनायचो. मोठ्या पोराला रागानं म्हनलो कैकदा, आज्यावर गेलाय म्हनून.”

त्याने घसरलेली एक वीट उचलून रांगेत ठेवली.

“तुमी तवा सांगितला असता,” तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून ट्रकवरच्या गड्याला ओरडला की विटा फेकू नको, ठेव. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आता आलाव तं चला घरा. पोराला तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगितला तं त्याला खोटा वाटंल.”

मी त्याच्यामागून गेलो. त्याचा मोठा मुलगा जेवत होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.